प्रणाली विचार कशासाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नगररचना, व्यवस्थापन किंवा समाजकार्य शिकणारी मुलं, पालिकेत आणि रेल्वेत नोकरी करणारे काही जण आणि दोन-चार निवृत्त इंजिनिअर अशा सरमिसळ श्रोत्यांसमोर मी प्रणाली विचारावर बोलत असतो, आणि त्याचा पाया पुन्हा तपासायला हवा असं म्हणतो. प्रश्न साधारण तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. त्यात माझी मतं मिसळलेली आहेत आणि या विषयातल्या सगळ्याच जाणकारांना ती पटणार नाहीत.

प्रणाली विचार म्हणजे काय, थोडक्यात?

बरेच भाग एकमेकांवर परिणाम करत असले की एकेक भाग सुटा करून तपासला तरी एकूण वागणं उलगडत नाही. म्हणून भागांमधले संबंध, फिरून मूळ जागी येणारे परिणाम आणि त्यात जाणारा वेळ यांचा अभ्यास करायचा. ‘सिस्टिम्स थिंकिंग’ म्हणतात ते हेच.

एवढं सोपं आहे, तर पायाचा फेरविचार कशाला?

व्याख्या सोपी आहे, पण या विषयाने स्वतःबद्दल केलेले दावे अवाढव्य होते. लुडविग फॉन बर्टालन्फी हे ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ. पेशी, कारखाना, शहर, राष्ट्र या सगळ्यांना लागू पडतील असे सामायिक नियम सापडतील, अशी त्यांना आशा होती. १९५४ मध्ये त्यांनी अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग, गणितज्ञ अनातोल रापोपोर्ट आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ राल्फ जेरार्ड यांच्यासोबत अमेरिकेत या कामासाठी एक संस्थाच काढली. गंमत अशी की यातली अडचण बोल्डिंगनी १९५६ मध्येच लिहून ठेवली होती: सिद्धांत जितका सर्वांना लागू करायला जाल, तितका त्यातला आशय पातळ होत जातो. पेशी आणि पालिका या दोघींनाही लागू पडणारं वाक्य काढता येतं, पण ते ऐकून पेशीवाला आणि पालिकेतला दोघंही म्हणतात, ‘बरं, मग?’

सामायिक नियमांची ती यादी काही आली नाही. हाती आली ती अवजारं, आणि त्यातली काही खरोखर उत्तम आहेत. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांचं सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्रांतल्या आणि सजीवांतल्या नियंत्रणाचं शास्त्र, १९४८ मध्ये आलं, ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉस ॲश्बी यांचा वैविध्याचा नियम (तो पुढे डबेवाल्यांपाशी येईल) १९५६ मध्ये, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जे फॉरेस्टर यांनी संगणकावर साठा आणि ओघ, म्हणजे काय साचतं आणि काय येतं-जातं, हे मांडायची पद्धत बसवली. पुढे अवजारांच्या जोरावर पुन्हा मोठी वचनं दिली गेली. १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया राज्याने विमानं आणि अवकाशयानं बनवणाऱ्या कंपन्यांना कचरा, वाहतूक, गुन्हेगारी हे प्रश्न अभ्यासायला दिले. रॉकेट उडवणाऱ्यांना कचरा काय जड, असा हिशोब असावा. समाजशास्त्रज्ञ इडा हूस यांनी १९७२ च्या पुस्तकात या सगळ्या प्रकाराची सालं काढली. कचऱ्याला नको असलेला शेजार असतो, राजकारण असतं, पोट भरणारी माणसं असतात. अवकाशयानाला यातलं काही नसतं.

माझं म्हणणं असं की ‘समग्राचं शास्त्र’ ही पाटी आता उतरवावी. या विषयाचं खरं काम त्याहून लहान आणि जास्त अडचणीचं आहे. एखाद्या योजनेची हद्द कुठे आखली, कोणी आखली, आणि हद्दीबाहेर टाकलेलं काही वर्षांनी कोणत्या दाराने आत येतं, हे दाखवणं म्हणजे ते काम.

पण ‘समग्र बघा’ हाच तर याचा गाभा आहे ना?

समग्र बघणं कोणालाच जमत नाही. जो म्हणतो मी सगळं बघितलं, त्याने काहीतरी गाळलेलं असतं आणि ते सांगितलेलं नसतं.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. पाऊस आला, लोक जिन्यावरच थबकले आणि मागून येणारी गर्दी थांबेना. त्या सकाळपुरतं कारण एवढंच. पण त्या अरुंद जिन्यावर इतकी माणसं आली कशी, हे शोधायला गेलात तर वाट गिरण्यांच्या आवारात जाते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी पालिकेला आणि तेवढाच घरांसाठी म्हाडाला जायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. चिमण्यांच्या जागी काचेची कार्यालयं आली.

आता माणसांची चाल कशी बदलली ते पाहा. गिरणी कामगार बहुतांशी आसपासच्या चाळीत राहायचा, पायी जायचा, आणि पाळ्यांमुळे गर्दी दिवसभरात वाटली जायची. कार्यालयातला माणूस विरार, कल्याण, पनवेलहून येतो आणि सगळे एकाच तासात उतरतात. जमिनीची फाइल नगरविकासाकडे होती, पुलाची रेल्वेकडे. दोन्ही फायली आपापल्या परीने नीट असतीलही. जिना चढणारा माणूस मात्र दोन्हींच्या मधल्या फटीत होता.

इथे ‘समग्र बघायला हवं होतं’ म्हणून काही साधत नाही. हवी होती ती एक ठरावीक गोष्ट: जमिनीचा वापर बदलताना स्टेशनच्या जिन्याची रुंदी हद्दीच्या आत घेणं. दुर्घटनेनंतर लष्कराच्या मदतीने नवा पूल काही महिन्यांत उभा राहिला, तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुलाही झाला. म्हणजे पूल बांधणं अवघड नव्हतं.

मग हद्द कुठे आखायची, याचा काही नियम आहे का?

नियम नाही, प्रश्न आहेत. अमेरिकन तत्त्वज्ञ वेस्ट चर्चमन यांनी १९६० च्या दशकात हा मुद्दा लावून धरला की हद्द आखणं हा नैतिक निर्णय असतो, त्याला तांत्रिक म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यांचे विद्यार्थी वेर्नर उलरिश यांनी १९८३ मध्ये त्यातून बारा प्रश्नांची चौकट केली. यातून फायदा कोणाचा होतो, आणि कोणाचा व्हायला हवा? निर्णय कोणाच्या हातात आहे? जाणकार कोणाला मानलं? ज्यांना झळ बसणार पण बैठकीला बोलावणार नाही, त्यांच्या वतीने कोण बोलतं? प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा, आज काय आहे आणि काय असायला हवं. दोन उत्तरांत फरक पडला की तिथे थांबायचं.

हे प्रश्न जुन्या मुंबईला विचारून बघा. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. दाट वस्ती, अंधार, कोंदट हवा हे कारण धरून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वस्त्या पाडल्या, समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, पुढे दादर-माटुंग्याचा नेटका आराखडाही त्यांनीच केला. शहर म्हणून आपण त्याचा उपभोग आजही घेतो. पण पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरं सुरुवातीला फारच कमी बांधली, आणि जी बांधली त्यांचं भाडं सगळ्यांना परवडेना. गोदीत रोजंदारी करणारा माणूस कामापासून लांब जाऊ शकत नव्हता. तो शेजारच्या गल्लीतल्या खोलीत आणखी चौघांत शिरला. ट्रस्टच्या नकाशावर एक वस्ती कमी झाली, बाजूची गल्ली दाट झाली, आणि ती गल्ली त्या योजनेच्या हद्दीत नव्हती.

प्रणाली खरोखर जगात असते की आपल्या डोक्यात?

या विषयातलं सगळ्यात जुनं भांडण हेच, आणि माझ्या मते पाया इथेच नीट घालायला हवा.

एका बाजूला फॉरेस्टर. साठे आहेत, ओघ आहेत, समीकरणं मांडा, संगणक चालवा. दुसऱ्या बाजूला पीटर चेकलंड. ते रासायनिक उद्योगात बरीच वर्षं काढून १९६९ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात आले. अभियांत्रिकीची पद्धत व्यवस्थापनाच्या प्रश्नांना लावायला गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इथे ‘प्रश्न काय आहे’ यावरच माणसांचं एकमत नसतं. त्यांनी भूमिका उलटी केली: जग प्रणालींनी बनलेलं आहे असं मानू नका, आपण जगाची चौकशी प्रणाली म्हणून करतो, एवढंच म्हणा.

दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. कोणत्याही हाउसिंग सोसायटीतलं पाणी घ्या. पालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं, खालच्या टाकीत साठतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. येतं त्याहून जास्त वापरलं तर टाकी रिकामी होणार. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही ती भरणार नाही. हा फॉरेस्टरचा प्रांत. पण ‘पाण्याचा प्रश्न’ नेमका काय? वरच्या मजल्यावरच्या काकूंसाठी तो दाबाचा आहे, सेक्रेटरीसाठी टँकरच्या खर्चाचा, खालच्या सलूनवाल्यासाठी बिलाचा. आणि तीन घरची भांडी करणाऱ्या ताईंसाठी तो वेळेचा आहे, कारण इथे पाणी उशिरा सुटलं की त्यांचं पुढचं घर चुकतं. ही चार उत्तरं कोणत्याही समीकरणातून निघत नाहीत. ती माणसांना विचारावी लागतात, आणि चौथं उत्तर सभेत येतच नाही, कारण ताई सभासद नाहीत.

फसगत होते ती या दोन गोष्टी एकात मिसळल्यावर. जे मोजायचं आहे त्यावर चर्चासत्रं भरवली जातात, आणि जे ठरवायचं आहे ते ‘मॉडेलने सांगितलं’ म्हणून खपवलं जातं. यातला दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तिथे भांडायला समोर माणूसच नसतो.

फिरून येणाऱ्या परिणामाचं मुंबईतलं चांगलं उदाहरण?

भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. युद्धानंतरची टंचाई, फाळणीनंतरचे लोंढे. त्या वेळी भाडेकरूला संरक्षण देणं गरजेचंच होतं. पण भाडं थिजलं आणि दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला, तसं मालकाने इमारतीकडे बघणं सोडलं. भाड्याने द्यायला नव्या चाळी बांधणं आतबट्ट्याचं झालं. टंचाई वाढली, पागडी आली. टंचाई होती म्हणून संरक्षण काढणं राजकीयदृष्ट्या अशक्य, आणि संरक्षण होतं म्हणून टंचाई हटेना. १९६९ मध्ये सरकारने उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ काढलं. तेव्हा सुमारे १९ हजार इमारती त्याच्या पदरात आल्या. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने थिजलेलं भाडं अवाजवी ठरवलं, १९९९ चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. अर्धशतक थिजलेल्या आकड्यावर ४ टक्के म्हणजे किती, हे गिरगाव-लालबागच्या कोणालाही विचारा.

पुढे जादा चटईक्षेत्राच्या बदल्यात पुनर्विकास आला आणि तीन मजली चाळीच्या जागी मनोरा उभा राहू लागला. रस्ता, नळ आणि मलवाहिनी मात्र जुन्याच गल्लीतली. म्हणजे घरांच्या हद्दीतून काढलेला ताण पाण्याच्या आणि रस्त्याच्या हद्दीत गेला.

या गोष्टीत मालक दुष्ट किंवा भाडेकरू चिकट असं धरण्याची गरज पडत नाही. प्रत्येक जण आपल्या जागी शहाण्यासारखाच वागला. प्रणाली विचाराने माझ्यावर सगळ्यात मोठा उपकार केला असेल तर तो हा, की खलनायक शोधायची घाई कमी झाली.

‘प्रणालीचा उद्देश म्हणजे ती प्रत्यक्षात जे करते ते’ हे तुम्हाला पटतं का?

अर्धं. हे ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांचं म्हणणं. हेच बीअर १९७१ ते १९७३ या काळात चिलीत राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारसाठी उद्योगांच्या समन्वयाची यंत्रणा उभारत होते. लष्करी उठावाने ती गुंडाळली गेली. जाहिरनामे आणि प्रसिद्धिपत्रकं वाचून उद्देश ठरवू नका, परिणाम बघा, या अर्थाने ते वाक्य झणझणीत आहे. पण शब्दशः घेतलं तर भाडे कायद्याचा उद्देश इमारती पाडणं हाच होता असं म्हणावं लागेल, आणि ते खोटं आहे. उद्देश माणसांना असतात आणि एका जागी अनेकांचे वेगवेगळे असतात. बीअर यांचं वाक्य मी प्रश्नासारखं वापरतो: एवढी वर्षं हेच निष्पन्न होतंय आणि ते कोणी थांबवत नाही, तर ते कोणाला सोयीचं आहे?

संगणकाचं मॉडेल आणि आता एआय आल्यावर हद्दीचा प्रश्न सुटेल ना?

नाही. फॉरेस्टर यांनी १९६९ मध्ये अख्ख्या शहराचं मॉडेल प्रसिद्ध केलं, बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी चर्चा करून. निष्कर्ष खळबळजनक होता: गरिबांसाठी स्वस्त घरं बांधल्याने शहर खालावतं, झोपडवस्तीतली काही घरं पाडून तिथे उद्योग आणा. टीकाकारांनी दाखवून दिलं की या मॉडेलमध्ये शहराबाहेरचा प्रदेश अमर्याद धरलेला आहे. शहरातून गेलेला माणूस त्या ‘बाहेर’ विरघळतो, त्याचं पुढे काय झालं हे मोजायची गरजच राहत नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलला धाडलेल्या कुटुंबांना हे ‘बाहेर’ कसं असतं ते चांगलं ठाऊक आहे. आकडेमोड हजारपट वेगवान झाली तरी ही रेघ कोणीतरी मारलेलीच असते.

डबेवाल्यांचं उदाहरण चालेल का?

दर वेळी कोणीतरी विचारतंच! चालेल, पण कौतुकाच्या भाषणासाठी नको. १८९० पासून चालत आलेल्या या कामात ॲश्बींचा नियम छान दिसतो. नियम असा की परिस्थिती जितकी नाना तऱ्हेची, तितक्याच तऱ्हा सांभाळणाऱ्याकडे हव्यात. मग एक तर आपल्या तऱ्हा वाढवा, नाही तर येणाऱ्या कमी करा. डबेवाले दुसरं करतात: ठरलेली वेळ, ठरावीक घाटाचा डबा, झाकणावर खूण, आणि डबा तयार नसेल तर पुढचं घर. आता हद्द बघा. पहाटे उठून स्वयंपाक करणारी बाई त्या कौतुकात नसते. लोकलही नसते, २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि डबेही थांबले.

‘सिस्टिमच तशी आहे, आपण काय करणार’ हाही प्रणाली विचारच का?

हा हात झटकायचा प्रकार. प्रणाली विचाराने कोणता हात कुठे पोचतो हे सांगायला हवं.

हिमनग, बाणांची वर्तुळं, रंगीत चिकटचिठ्ठ्या याबद्दल काय मत?

वर्तुळं काढा, पण प्रत्येक बाणावर ‘किती वेळाने’ हे लिहा. वेळ लिहिता आला नाही तर तो बाण अजून अंदाज आहे. वर दिसते ती घटना आणि पाण्याखाली तिची खोल कारणं, असं हिमनगाचं चित्र मी वापरत नाही. त्याने बघणाऱ्याला उगाच वाटतं की आपण खोल पाण्यात उतरलो.

मग हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवावा का?

पहिली पदवी म्हणून मुळीच नाही. आधी एखादं काम हातात बसू द्या, मग ते मलनिस्सारण असो, परिचर्या असो की हिशोबतपासणी. ज्याला नाल्याचा उतार कळत नाही त्याने नाल्याच्या प्रणालीवर बोलू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला शंभरही नाही. जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर धरून आखलेल्या, भरतीच्या वेळी पाणी समुद्रात जायला वाट नाही, विमानतळाशी वळवलेली आणि वांद्र्याच्या बाजूला भरावाने आवळलेली मिठी नदी. हे तपशील माहीत नसताना ‘निसर्ग आणि शहर यांचं परस्परावलंबन’ यावर पानंच्या पानं लिहिता येतात. मी अशी बरीच वाचली आहेत.

दुसरा विषय म्हणून मात्र तो प्रत्येकाला हवा. आणि शिकवताना साठा-ओघाचं गणित आणि हद्दीचे प्रश्न एकाच शिक्षकाने शिकवावेत. सध्या गणित इंजिनिअरिंगवाल्यांकडे आणि प्रश्न समाजशास्त्रवाल्यांकडे गेले आहेत आणि दोघंही एकमेकांना हसतात.

सुरुवात कशाने करू?

डोनेला मेडोज यांचं ‘थिंकिंग इन सिस्टिम्स’ वाचा. त्यांच्या निधनानंतर २००८ मध्ये आलं, भाषा स्वच्छ आहे. मग चेकलंडचं १९८१ चं पुस्तक, ते जड जाईल. दरम्यान तुमच्या वॉर्डातला एकच प्रश्न धरा आणि वर्षभर सोडू नका.

मी खात्यात नोकरी करतो. प्रस्ताव उद्या पाठवायचा आहे, एवढं सगळं कधी करू?

करू नका. प्रस्तावाच्या शेवटी तीन ओळी घाला. हद्दीबाहेर काय ठेवलं आणि का. ते फिरून आत यायला अंदाजे किती वर्षं लागतील आणि तेव्हा कोणत्या खात्याच्या दारात उभं राहील. त्याची झळ बसणाऱ्यांच्या वतीने कोण बोललं, पदनामासह. तिसऱ्या ओळीत लिहायला बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. तेव्हा ‘लागू नाही’ असं लिहायची सवय असते. त्याऐवजी ‘कोणी नाही’ लिहा. वरिष्ठ ती ओळ काढायला सांगतील, तेव्हा काढायचा शेरा फाइलवरच मारून द्या म्हणावं.